निबंधातला ‘वीर जवान’ आणि नाशिकचे निनाद मांडवगणे



२६ जुलैला कारगिल विजय दिन असतो, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन. या दिवसांच्या आसपास वर्गात एक निबंध हमखास होतो : ‘शहीद जवानास श्रद्धांजली’. वह्या तपासायला घ्या, सगळ्या वह्यांमध्ये एकच जवान सापडेल. तो सीमेवर उभा असतो, शत्रूशी लढता लढता धारातीर्थी पडतो आणि शेवटच्या ओळीत ‘जय हिंद’ येतं. त्याला नाव नसतं, गाव नसतं, शाळा नसते. आणि मित्र तर नसतातच.

माझं मत स्पष्ट आहे. देशासाठी गेलेला सैनिक मुलांना आधी माणूस म्हणून भेटला पाहिजे. कुणाचा तरी सहकारी, कुणाचा तरी मित्र म्हणून. आणि तो कसा गेला हेही त्यांना खरं तेच सांगितलं पाहिजे.

त्यासाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे आपल्या नाशिकचे. इथल्याच भोसला मिलिटरी स्कूलमध्ये शिकले, पुढे औरंगाबादच्या एसपीआयमध्ये, म्हणजे सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी राज्य सरकारने काढलेल्या संस्थेत गेले. हवाई दलात ते हेलिकॉप्टरचे वैमानिक झाले. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामजवळ त्यांचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. बालाकोटच्या कारवाईचा तो दुसरा दिवस होता. सीमेवर विमानांची चकमक चालू होती.

हेलिकॉप्टरमध्ये हवाई दलाचे सहा जण होते. दोन वैमानिक, निनाद आणि सिद्धार्थ वशिष्ठ, आणि त्यांच्यासोबत काम करणारे चार सहकारी. सहाही गेले. खाली जमिनीवर एका स्थानिक नागरिकाचाही जीव गेला. १ मार्चला निनाद यांच्यावर नाशिकमध्ये लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्याच रात्री विंग कमांडर अभिनंदन वाघा सीमेवरून परत आले. देशाचे डोळे टीव्हीवर तिकडे लागलेले होते, पण नाशिकने त्या दिवशी आपला मुलगा निरोप देऊन पाठवला होता.

आता अवघड भाग. हे हेलिकॉप्टर शत्रूने पाडलं नव्हतं. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं. ४ ऑक्टोबर २०१९ ला तेव्हाचे हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंग भदौरिया यांनी हे जाहीरपणे सांगितलं आणि ही आपली मोठी चूक होती हे मान्य केलं.

मग निबंधातल्या ‘शत्रूशी लढता लढता’ या ओळीचं काय करायचं?

मला माहीत आहे, इथे बरेच जण म्हणतील, ‘अहो, तिसरी-चौथीच्या पोरांना हे कशाला सांगायचं? सैन्याबद्दलचा आदर कमी होईल.’ मला उलट वाटतं. हवाई दलाने स्वतः काय केलं ते बघा. चूक मान्य केली, आणि २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला निनाद आणि सिद्धार्थ या दोघांना मरणोत्तर वायुसेना पदकही जाहीर केलं. सत्य सांगितल्यामुळे सन्मान कमी झाला नाही. ज्या संस्थेत ते काम करत होते, तिला या दोन्ही गोष्टी एकत्र पेलता आल्या, तर आपल्या वर्गाला का नाही पेलणार? आकाशात लढाई चालू असताना ही माणसं आपल्या कामावर होती. त्यांचं धाडस एवढ्यातच आहे. ते सिद्ध करायला गोष्ट बदलावी लागत नाही.

मित्र असाच आठवतो ना? आपला माणूस गेला तर आपण त्याची खोटी गोष्ट रचत नाही. जे झालं ते तसंच सांगतो, कारण तो आपला असतो. गोष्ट सजवावीशी वाटते ती परक्याची.

अजून एक. निनाद यांच्या पत्नी विजेता मांडवगणे यांनी त्या दिवसांत सोशल मीडियावर युद्धाची भाषा करणाऱ्यांना थांबायला सांगितलं होतं. एवढा जोश असेल तर सैन्यात जा, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. पालकांनो, मुलांसमोर मोबाईलवर आपण काय फॉरवर्ड करतो, याचा विचार करताना हे बोलणं लक्षात ठेवायला हवं.

नाशिकच्या शिक्षकांना तर हे जास्तच लागू आहे. देवळाली कॅम्प, नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, गांधीनगरचं आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र, ओझरचा विमान कारखाना. तुमच्या वर्गात एखादं तरी मूल असं असू शकतं, ज्याचे बाबा किंवा आई गणवेशात आहेत. आपण फळ्यावर ‘हसत हसत प्राण दिले’ असं लिहितो तेव्हा ते मूल काय ऐकत असेल? त्याच्यासाठी तो निबंधाचा विषय नाही. ते त्याचं घर आहे. अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवू नका. त्याला बोलायचं असेल तर ऐका, नसेल बोलायचं तर राहू द्या.

मग वर्गात काय करता येईल? मला जमण्यासारखं वाटतं ते सांगते.

१. निबंधाला नाव द्या. ‘एक वीर जवान’ नको. आपल्या तालुक्यातली, जिल्ह्यातली एक खरी व्यक्ती निवडा. तिचं गाव, शाळा आणि नेमकं काम मुलांना शोधू द्या.

२. ‘ते कसे गेले?’ याआधी ‘ते रोज काय काम करायचे, कोणासोबत करायचे?’ हा प्रश्न विचारा. हेलिकॉप्टर एकटा माणूस चालवत नाही, हे मुलांना फार आवडीने समजतं.

३. अपघाताचे व्हिडिओ दाखवू नका. साध्या दोन-तीन वाक्यांत खरं सांगा आणि मुलांच्या प्रश्नांसाठी वेळ ठेवा.

४. शेवटी अर्धं पान मोकळं ठेवा : ‘माझ्या शेजारी बसणारा मित्र किंवा मैत्रीण, मला त्याच्यावर किंवा तिच्यावर कधी विसंबून राहावं लागतं?’ सहकारी म्हणजे काय, हे मुलांना इथून कळायला लागतं.

असा निबंध कदाचित लहान होईल. शुद्धलेखनाच्या चुका असतील, ‘धारातीर्थी’ हा शब्द येणार नाही. पण चाळीस वह्यांत चाळीस वेगळ्या ओळी असतील, आणि ‘निनाद मांडवगणे’ हे नाव मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं असेल. येत्या ७ डिसेंबरला करून बघा, आणि मुलांनी काय लिहिलं ते मला नक्की कळवा.