तीस दिवसांनंतर आम्ही पुन्हा विचारणार नाही

मोटार विमा कंपन्यांच्या क्लेम विभागांस,

विनंत्या करून झाल्या. हा इशारा आहे.

आम्ही महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले वाहनमालक व चालक. मोटारवाले, मिनीडोरवाले, रिक्षावाले, टेम्पोवाले, दुचाकीवाले. दासगावपासून धामणदेवीपर्यंत आणि नातेखिंडीपासून आंबेनळीपर्यंत आमच्या गाड्या रोज धावतात.

आमचे म्हणणे एका ओळीत मावते. ज्याने ठोकले त्याने भरावे. ज्याला ठोकले त्याच्या खिशात हात घालू नये.

हे आम्ही तुम्हाला फोनवर सांगितले, मेलवर लिहिले, रजिस्टर पोस्टाने कळवले. उत्तर बहुतेकदा आले नाही. आले तेव्हा त्यात क्लेम नंबर होता. बाकी काही नव्हते.

म्हणून आता मुदत.

आधी आमच्या संयमाचा हिशेब. तो तुमच्याकडे नसेल.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम आम्ही वर्षानुवर्षे सोसले. वळणरस्ते, खडी, रात्री न दिसणारे दुभाजक, एका रात्रीत बदलणारी डायव्हर्शन. शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून येणारी सगळी गर्दी याच रस्त्यावरून जाते. सुट्टीच्या दिवशी महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या पोलादपुरात वळून आंबेनळी घाटाला लागतात. घाट ज्यांना ठाऊक नाही, ते वळणावर आमच्या बाजूला येतात. आम्ही हॉर्न देतो, थांबतो, जागा देतो. तरी ठोकर बसते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले. गाड्या दारातच बुडाल्या. घरात चिखल असताना आम्ही पॉलिसीचे कागद उन्हात वाळवले आणि तुमच्याकडे दिले. तेव्हाही तुम्ही आणखी कागद मागितले. तेही दिले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. आमच्यातल्या काहींचे दरवाजा-बंपरचे क्लेम त्याहून जास्त दिवस पडून आहेत.

एवढे पुरे. आता मुद्द्याचे.

राजेवाडी फाट्यावर एक मोटार उभी आहे. मागून कंटेनर येऊन धडकतो. पोलीस येतात, पंचनामा होतो. दोष कोणाचा, यावर वाद नाही. कंटेनरचा चालकही नाकारत नाही.

वाद तुमच्या कॉल सेंटरपासून सुरू होतो.

मोटारमालकाला सांगितले जाते, तुमच्याच पॉलिसीतून क्लेम घ्या, लवकर होईल. तो विश्वास ठेवतो. मग कात्री चालू होते.

पंधराशे सीसीपर्यंतच्या मोटारीला सक्तीची वजावट १,००० रुपये. त्याहून मोठीला २,०००. बंपर प्लास्टिकचा, म्हणून निम्मी किंमत त्याच्या खिशातून. टायर आणि बॅटरीही निम्म्या. गाडी पाच वर्षांपुढची असेल तर पत्र्याच्या भागांवर ४० टक्के घसारा. दहा वर्षांपुढची असेल तर ५० टक्के.

टोइंगसाठी साध्या पॉलिसीत १,५०० रुपये. कॅशलेस गॅरेज विचारले की पनवेलचे नाव सांगता. पोलादपूरहून पनवेल सव्वाशे किलोमीटरांहून लांब आहे. १,५०० रुपयांत क्रेन कुठपर्यंत जाते, ते एकदा स्वतः येऊन पाहा.

सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्तीला हात लावायचा नाही. पॉलिसीच्या छापील अटींप्रमाणे तुमच्या परवानगीशिवाय ५०० रुपयांपर्यंतचेच काम करता येते. ५०० रुपयांत आज हेडलाइट उघडून परत बसवला जाईल. नवा येणार नाही.

हे सगळे सोसून झाल्यावर खरा घाव बसतो. नो क्लेम बोनस शून्यावर येतो.

हा हिशेब सावकाश करू. तुम्ही तो कधी करून दाखवत नाही.

समजा एखाद्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२,००० रुपये आहे. पाच वर्षे सलग क्लेम न घेतल्यामुळे त्याला ५० टक्के बोनस मिळतो. तो ६,००० भरतो. कंटेनरने ठोकले आणि त्याने क्लेम घेतला. पुढच्या वर्षी पूर्ण १२,०००. मग पुन्हा पहिल्या पायरीपासून, २० टक्के, २५, ३५, ४५. पन्नासला परत पोचेपर्यंत, मूळ हप्ता तेवढाच राहिला असे धरले तरी, त्याने १५,००० रुपये जास्त भरलेले असतात.

हे १५,००० कंटेनरवाल्याने भरले नाहीत. त्याच्या विमा कंपनीने भरले नाहीत. उभ्या गाडीच्या मालकाने भरले.

बोनस कापताना चूक कोणाची होती, हे तुम्ही पाहत नाही. पंचनामा फाइलमध्ये असतो. वाचला जात नाही.

झिरो डेप घ्यायला हवे होते, असे आम्हाला सांगू नका. बोनस वाचवणारे जादा कलम घ्यायला हवे होते, असेही नको. आमच्या हातून होणाऱ्या चुकीसाठी काय घ्यायचे, ते आम्ही ठरवू. दुसऱ्याच्या चुकीसाठी आम्ही जादा हप्ता का भरावा, याचे उत्तर द्या.

आणखी एक उत्तर द्या. आमचा क्लेम दिल्यावर तो पैसा दोषी वाहनाच्या बाजूकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. क्लेमच्या वेळी तशा कागदावर तुम्ही आमची सही घेता. पुढे वसुली झाली का, किती झाली, कोणाकडून झाली, हे आम्हाला कधीच कळवले जात नाही. वसूल केले असेल तर आमचा बोनस परत का येत नाही? वसूल करायचेच नसेल तर सही कशाला घेता?

आता दुसरी बाजू. आमच्यातल्या कित्येकांकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे. जुनी जीप, जुनी मिनीडोर, पोटापाण्याची रिक्षा. त्यांना स्वतःच्या पॉलिसीतून दुरुस्तीचा एक रुपया मिळत नाही. त्यांचा मार्ग एकच, दोषी वाहनाची विमा कंपनी.

त्या कंपनीला फोन केला की उत्तर ठरलेले आहे. तुम्ही आमचे ग्राहक नाही. ट्रिब्युनलमध्ये जा.

ग्राहक नाही हे खरे. पण थर्ड पार्टी विमा ग्राहकासाठी नसतोच. तो ज्याला ठोकले त्याच्यासाठी असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने हा विमा सक्तीचा केला. तो नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता एकरकमी घेतला जातो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनी हजार ते पंधराशे सीसीच्या नव्या मोटारीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये होतात. वर जीएसटी.

पैसा आगाऊ. सक्तीने. दंडाच्या धाकाने.

मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण लिहिलेले असते. ज्या रिक्षाचा पुढचा भाग चेपला, तिच्या दुरुस्तीला त्यातला लहानसा तुकडा पुरतो. त्या तुकड्यासाठी तुम्ही रिक्षावाल्याला कोर्टात पाठवता. तो जाणार नाही, हे तुम्ही धरून चालता. इतके दिवस तो गेला नाही.

आता जाईल.

आमच्यातही खोटे क्लेम करणारे आहेत. जुना पोचा नव्या अपघातात दाखवणारे आहेत. त्यांच्यामागे आम्ही उभे राहणार नाही. पुरावा असेल तर त्यांचे क्लेम लेखी कारण देऊन फेटाळा. पण त्यांच्या नावाखाली सगळ्यांना संशयित धरणे बंद करा.

आम्ही मागतो ते नवे नाही. बरेचसे तुमच्या नियामकानेच लिहून ठेवले आहे.

विमा नियामक प्राधिकरणाच्या ११ जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा आहे. त्याचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा. अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा आहे. कागद कमी आहेत म्हणून क्लेम फेटाळायचा नाही, हेही त्यात आहे. या मुदती महाड-पोलादपूरलाही लागू आहेत. घाट लागला म्हणून परिपत्रक संपत नाही.

तेव्हा सर्व्हेअर मुदतीत इथे आला पाहिजे. नकार असेल तर लेखी द्या, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते लिहून द्या. पंचनाम्यात किंवा समोरच्याच्या लेखी कबुलीत दोष स्पष्ट असेल, तिथे बोनस कापू नका. कापला असेल तर परत लावा. आणि तुमच्या पॉलिसीधारकाने ठोकले असेल, तर ज्याला ठोकले त्याला कोर्टाबाहेर लेखी प्रस्ताव द्या. रकमेवर बोलणी होऊ शकतात. मौनावर होऊ शकत नाहीत.

मुदत ३० दिवस. हे पत्र तुमच्या कार्यालयात पोचल्याच्या तारखेपासून.

हा आकडा आम्ही शोधून काढलेला नाही. कंपनीने तक्रारीला महिन्याभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाचे दार उघडते. आम्ही तेवढेच थांबू.

एकतिसाव्या दिवशी काय होईल, ते आधीच सांगतो. नंतर कळले नाही म्हणू नका.

स्वतःच्या कंपनीविरुद्धच्या तक्रारी विमा लोकपालाकडे जातील. तिथे फी नाही. वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचा निवाडा होतो. तो कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. निवाडा ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. ते आम्ही सोडणार नाही.

काही तक्रारी अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातील. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तुमचे मुख्य कार्यालय कोठे आहे, याने फरक पडत नाही. मूल्य भरलेल्या हप्त्यावर मोजले जाते, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. आमच्यात कोणाचाच हप्ता पाच लाख नाही. एकाच प्रकारची तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकत्र दाद मागता येते. ती मागू.

एकाच तक्रारीसाठी लोकपाल आणि आयोग ही दोन्ही दारे एकदम ठोठावता येत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. फाइली वेगळ्या केल्या आहेत.

ज्यांचा वाद दोषी वाहनाच्या कंपनीशी आहे, ते माणगावच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातील. मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तिथे चालतो. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघेही प्रतिवादी. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, पण त्या भरवशावर आम्ही बसणार नाही. तुमच्या टाळाटाळीत आमची मुदत संपावी, हा खेळ आमच्या लक्षात आला आहे. यापुढे दावा आधी दाखल होईल. बोलणी नंतर.

एका रिक्षाच्या दुरुस्तीसाठी माणगावला वकील पाठवणे तुम्हाला परवडते का, हा तुमचा हिशेब. आमची माणसे तारखेला हजर राहतील. माणगाव आम्हाला लांब नाही.

शेवटची गोष्ट धंद्याची. कायद्याने विमा सक्तीचा केला. तुमची कंपनी सक्तीची केलेली नाही. सप्टेंबर २०१९ पासून थर्ड पार्टी एका कंपनीकडे आणि स्वतःच्या नुकसानीचा विमा दुसरीकडे ठेवता येतो. कंपनी बदलली तरी मिळवलेला बोनस मालकाबरोबर जातो. ज्या कंपनीचे उत्तर येणार नाही, तिच्याकडे दोन्ही तालुक्यांत नूतनीकरण होणार नाही. गावोगावच्या एजंटांना हे कळवले आहे. पोट त्यांचेही आहे. ते आमच्यात राहतात.

प्रत्येक अपघाताची स्टेशन डायरी, पंचनामा, फोटो, क्लेम नंबर, फोनची तारीख आणि फोनवर बोलणाऱ्याचे नाव आम्ही एकत्र ठेवले आहे. मूळ प्रती मालकांकडे. दुसरा संच आमच्याकडे. तिसरा वकिलाकडे.

कॉल सेंटरवर बोलणाऱ्या मुलामुलींवर आमचा राग नाही. त्यांना पुढे करू नका. निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाची सही हवी.

उत्तर लेखी पाठवा. प्रत्येक क्लेमचे वेगळे. मराठीत. फोनवरचे आश्वासन धरले जाणार नाही.

महाड व पोलादपूर तालुक्यांतील वाहनमालक व चालक