डीजेला लाखाची सुपारी, दप्तराला वाळवी



आमच्या तालुक्याच्या गावी एक इतिहास मंडळ आहे. पेठेच्या मागच्या आळीत त्याची स्वतःची इमारत आहे, कपाटे आहेत, भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी आहेत. या मंडळाने गावाच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात मंदिरे आहेत, वाडे आहेत, सरदार घराण्यांच्या वंशावळी आहेत, गणेशोत्सवाच्या वर्षावर्षाच्या नोंदी आहेत. आमच्या वस्तीबद्दल एकच ओळ आहे. गावाच्या पूर्वेस महारवाडा होता, एवढीच. म्हणजे शेकडो वर्षे तिथे राहिलेली माणसे या मंडळाला फक्त दिशा सांगण्यापुरती उपयोगी पडली!

आम्ही सहा-सात जण अर्ज घेऊन मंडळात गेलो. पुढच्या आवृत्तीत वस्तीचा इतिहास यावा, एवढीच मागणी होती. पदाधिकारी गोड बोलले. पहिले वाक्य होते, “इतिहासाला जात नसते.” दुसरे वाक्य होते, “तुमच्याकडे साधने असतील तर आणा, आम्ही छापू.”

पहिल्या वाक्याचा समाचार घेणे सोपे आहे. दुसऱ्या वाक्याने मात्र आमचीच झोप उडवली. म्हणून हा लेख.

आधी पहिले वाक्य. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९२६ च्या अखेरीस राजवाडे गेले आणि त्यांचे दप्तर सांभाळण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले. पुढे गावोगावी अशी मंडळे निघाली. या लोकांनी कागद वाचवले, हे आम्ही नाकारत नाही. पण कागद कुणाच्या घरचे? कुलकर्णी, देशपांडे, जोशी, इनामदार यांच्या घरचे. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच घरी दप्तर सापडणार. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष गाव ग्राह्य धरत असे, कारण शीव त्याच्या पायाखालची होती. ती साक्ष कुणी लिहून घेतली? कुलकर्ण्याने. ती कुणाच्या घरात राहिली? त्याच्याच. आज त्या कागदावर प्रबंध लिहिणाऱ्याला शिवेचा वाद दिसतो, साक्ष देणारा माणूस दिसत नाही. इतिहासाला जात नसेलही, पण कपाटाला आहे आणि कपाटाच्या किल्लीला तर आहेच आहे.

आता कुणी म्हणेल, एका लहान गावाच्या मंडळाने एक ओळ लिहिली की चार पाने, काय मोठा फरक पडतो? पोट भरायचे की इतिहास सांगत बसायचे? हा प्रश्न आपलीच मुले विचारतात. त्यांना आम्ही महाडला घेऊन जातो.

२० मार्च १९२७ हा दिवस आपल्याला पाठ आहे. पण बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले आणि प्रश्न मिटला, असे झाले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला. अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी घ्यायचे नाही ही रूढी फार प्राचीन आहे, असे त्यांचे म्हणणे. हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल कशावर फिरला? तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते आणि ती प्राचीन म्हणवली जाणारी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. म्हणजे चवदार तळ्याची दुसरी लढाई गावाच्या इतिहासावरच लढली गेली! बाबासाहेब स्वतः त्या दाव्यात प्रतिवादी होते. “पूर्वापार चालत आले आहे” असे कुणी म्हटले की “कधीपासून? पुरावा दाखवा” असे विचारायला त्यांनी शिकवले. आपण मात्र तळ्यावर जातो, सेल्फी काढतो आणि एस.टी. पकडतो.

दुसरे उदाहरण ताजे आहे. वढू बुद्रुक हे लहानसे गाव. तिथे गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वाद झाला. एका गावचा इतिहास सांगणारा एक फलक. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, भीमा कोरेगावला निघालेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. स्थानिक इतिहास हा निवृत्त मास्तरांचा विरंगुळा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या दिवशीची आपली गाडी आठवावी.

तिसरे उदाहरण आमच्या घरचे आहे आणि ते सांगताना मान खाली जाते.

आमच्या वस्तीत एक जुने कार्यकर्ते होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले होते. पुढे वस्तीतल्या दहा-बारा कुटुंबांनी गायरान कसायला घेतले, तेव्हा प्रत्येकाचा कागद तात्यांच्या लोखंडी पेटीत जमा होत गेला. दंडाच्या पावत्या, पंचनाम्याच्या नकला, तहसीलदाराच्या नोटिसा, सभेची हस्तपत्रके, सगळे एका पेटीत. तात्या गेले. जलदान विधी झाला. घर लहान, पोरे कर्त्या वयाची. पंधरा दिवसांनी पेटीतले कागद रद्दीत गेले, पेटी भंगारात गेली. आम्हाला कळले तेव्हा रद्दीवाल्याने माल पुढे पाठवलेला होता.

ते कागद काय होते, हे ज्यांनी गायरान कसले त्यांना सांगायला नको. १४ एप्रिल १९९० पूर्वी मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करावीत, असा शासनाचा १९९१ चा निर्णय आहे. पण १९९० पूर्वीपासून कसतो हे दाखवायचे कशाने? दंडाच्या पावतीने. जी पावती सरकारने आपल्याला गुन्हेगार ठरवण्यासाठी फाडली, तीच आपल्या हक्काचा दाखला ठरते. त्या दहा-बारा घरांतल्या निम्म्या लोकांकडे आज दुसरा कागद नाही. कचेरीत गेले की एकच शब्द ऐकू येतो: पुरावा. पुरावा होता. आम्ही तो किलोने विकला.

हे पाप त्या पेठेतल्या मंडळाचे नाही. आमचे आहे. तात्या असताना त्यांच्या पंच्याहत्तरीला आम्ही शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. पेटी उघडून एकेका कागदाची यादी करावी, हे आमच्यातल्या एकालाही सुचले नाही. त्याच वर्षीच्या जयंतीला डीजेची सुपारी लाखाच्या वर गेली होती. वर्गणीचे पावती पुस्तकसुद्धा पुढच्या वर्षी सापडले नाही.

“साधने आणा” हे वाक्य आम्हाला का झोंबले, ते आता लक्षात आले असेल.

आपल्यात साधने जपणारे झालेच नाहीत, असेही नाही. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच कागद जमवून चरित्र लिहायला घेतले, त्याचा पहिला खंड १९५२ ला आला. वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांच्या संपादनात आयुष्य घातले. त्यातला पहिला खंड १९७९ चा. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना शोधून त्यांना बोलते केले आणि १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. ते काम झाले नसते तर त्या बाया आज फक्त जुन्या फोटोतल्या मागच्या रांगेत उरल्या असत्या. महाडच्या परिषदेसाठी झटलेले कॉ. आर. बी. मोरे यांच्या आठवणी आपल्यापर्यंत आल्या, त्या मुलाने जपल्या म्हणून. यातल्या कुणाच्याही पाठीशी पेठेतली इमारत नव्हती.

आणि जिथे कागद नव्हता तिथे लोकांनी पायांनी इतिहास जपला. धुळ्यात एकीकडे राजवाड्यांचे दप्तर आहे आणि गावाबाहेर लळिंगच्या रानात लांडोर बंगला आहे. बाबासाहेब तिथे मुक्कामाला राहिले होते, म्हणून दर ३१ जुलैला माणसे तिथे जमतात. ते जमणे हेसुद्धा जतनच आहे. पण पायांनी जपलेला इतिहास कोर्टात उभा राहत नाही. त्याला दप्तराचीही जोड लागते.

पेटी गेल्यानंतर आम्ही आमचे मंडळ काढले. पहिल्या सभेला चाळीस जण आले. अध्यक्ष कोण, यावर दोन तास भांडण झाले. तिसऱ्या सभेला सात उरले. आणखी सांगतो. नोंदणी झाली, बँकेत खाते निघाले, दुसऱ्या वर्षी आमचे अध्यक्ष वारले. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आम्ही दिला नाही. बँकेने खाते अडवले. आठ महिने आमचा पैसा आमचाच असून हाताला लागेना. आपल्या किती विहारांच्या, वाचनालयांच्या, वसतिगृहांच्या उताऱ्यावर आजही मेलेल्या माणसांची नावे आहेत, हे एकदा तपासून पाहा. मग जागेवर कुणी हात टाकला की आपण मोर्चा काढतो. मोर्चा काढावाच लागतो. पण उतारा दुरुस्त असता तर निम्मी लढाई कचेरीतच जिंकली असती.

संस्था काढण्याची आपल्याला हौस आहे, ती चालवण्याचा कंटाळा आहे. उद्घाटनाच्या पाटीवर नाव हवे, झाडलोटीच्या पाळीत नको. पेठेतले मंडळ टिकले त्यात जातीचा, जागेचा, ओळखीपाळखीचा फायदा आहेच. तो आम्ही विसरत नाही. पण त्यांच्यातला कुणीतरी दर आठवड्याला कुलूप उघडतो आणि वही लिहितो, हेही खरे आहे. ती शिस्त घ्यायला मनुवादी व्हावे लागत नाही.

म्हणून प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे.

पहिले, जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा दप्तरासाठी बाजूला काढा. डीजेचा एक डबा कमी लावला तरी बाबासाहेब रागावणार नाहीत.

दुसरे, विहारात एक लोखंडी कपाट घ्या आणि ते भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ओल भिंतीतून येते आणि वाळवीही भिंतीतूनच येते. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ते रिकामे करून पुसा. टाचण्या काढा, त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, त्यात अडकलेला कागद पुन्हा सुटत नाही.

तिसरे, एक नोंदवही करा. क्रमांक, तारीख, कुणाकडून आला, काय आहे. मूळ कागद कुणी द्यायला तयार नसेल तर मोबाइलवर नीट फोटो घ्या आणि मूळ परत करा. प्रती तीन ठिकाणी ठेवा. कपाटाच्या किल्ल्या दोन माणसांकडे असाव्यात आणि ती दोन माणसे एका घरातली नसावीत.

चौथे, मोडी शिका. वतनाचे जुने कागद मोडीत आहेत. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, पण वतनाच्या जमिनींचे वाद गेलेले नाहीत. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. दर तालुक्यातून दोन पोरी आणि दोन पोरे तिथे बसवा. आपला कागद वाचून घ्यायला आपण पुन्हा त्याच आळीत जायचे का?

पाचवे, आज्यांकडे जा. १९५६ ला दीक्षाभूमीवर कडेवर बसून गेलेली पिढीसुद्धा आता सत्तरीच्या पुढे आहे. फोन समोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि नेमके विचारा. पाणी कुठून आणायच्या? शाळेत कुठे बसवायचे? घरातले देव कुणी आणि कुठे सोडले? जलशात कोण गात होते? भाषण नको, आठवण हवी.

सहावे, आणि हे कडू आहे. खोटे लिहू नका. बाबासाहेबांच्या नावावर रोज व्हॉट्सअॅपवर फिरणारी किती वाक्ये खंडांत सापडतात? गावातला प्रत्येक जुना दगड बौद्धकालीन ठरवण्याची घाई करू नका. सनातन्यांनी पोथ्यांत पोकळ बढाया लिहिल्या म्हणून आपणही लिहायच्या, ही बाबासाहेबांची शिकवण नाही. आपली एक चूक सापडली की ते आपली शंभर खरी पाने फेकून देतील.

आमच्या कपाटात आज दोनशेच्या वर नोंदी आहेत. तात्यांच्या पेटीतले काहीच त्यात नाही. पण पेटी गेल्याचे कळल्यावर शेजारच्या वाडीतल्या एका काकूंनी पिठाच्या डब्यामागून पिशवी काढून दिली. त्यात नवऱ्याच्या नावाच्या १९७८ आणि १९८३ च्या गायरानाच्या दंडाच्या दोन पावत्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. “सरकारचा शिक्का होता, म्हणून ठेवला,” एवढेच त्या म्हणाल्या. नोंदवहीत क्रमांक एक आणि दोन त्या पावत्यांचे आहेत आणि त्यांच्या नकला जोडून काकूंचा अर्ज तहसील कचेरीत दाखल झाला आहे.

तुमच्या वस्तीतली पेटी कुणाच्या माळ्यावर आहे? या रविवारी जा, जुनी माणसे असतानाच ती उघडा. नंतर रद्दीवाला येतोच.

जयभीम!