आशावाद कोणाचा, जोखीम कोणाची?

लोअर परळला ज्या जमिनीवर एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. आणि तेथल्या वातानुकूलित कचेऱ्यांतून लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या तरुणाला एक नवा उपदेश ऐकवला जात आहे. केवळ भारताच्या नव्हे, साऱ्या जगाच्या शेअरबाजारांत पैसा गुंतवावा; बाजार कोसळला तरी धीर सोडू नये; दीर्घ मुदतीत तो वरच जातो; आशावाद आणि जोखीम यांचा समतोल ज्याला साधला तो तरला! हा समतोल म्हणजे जणू ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. ज्याच्यापाशी संयम आहे तो श्रीमंत होईल. ज्याच्यापाशी नाही त्याने स्वतःलाच दोष द्यावा.

‘शेअरबाजार म्हणजे जुगार’ एवढे एकच उत्तर देऊन समाजवादी कार्यकर्ते वर्षानुवर्षे मोकळे होत आले आहेत. ते उत्तर आता पुरे पडत नाही. बँकेतल्या ठेवीचे व्याज महागाई कशी खाऊन टाकते, हे दादरच्या पेन्शनराला शिकवावे लागत नाही. अमेरिकेसारख्या देशात दीर्घ काळात शेअरांनी ठेवींहून अधिक परतावा दिला, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पर्याय न देता नुसते निषेधाचे प्रवचन केले की तरुण ते ऐकत नाही; तो सरळ वायदेबाजाराच्या तोंडी जातो. सेबीच्याच पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक भरला. यातली प्रत्येक व्यक्ती आशावादीच होती.

खरा प्रश्न बाजार वर जातो की नाही हा नाही. तो वर जाईपर्यंत थांबण्याची ऐपत कोणाची, हा आहे.

मुंबईला हा धडा नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका व कंपन्या अळंब्यांसारख्या उगवल्या. गिरगावच्या किनाऱ्यालगतचा समुद्र बुजवायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरांसाठी लोक वेडे झाले. एप्रिल १८६५ मध्ये व्हर्जिनियात जनरल लीने शस्त्रे खाली ठेवली, कापसाचे भाव गडगडले, आणि १ जुलै १८६५ रोजी मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा पैसे कोणापाशीच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला. जागतिक बाजाराशी मुंबईचे नशीब बांधले गेले ते असे. येथल्या दलालांनी उधारीचे इमले रचले होते हे खरे. पण ते कोसळण्याची वेळ हजारो मैलांवरच्या रणांगणावर ठरली.

जग विभागून गुंतवले की धोका कमी होतो, असे यावर सांगितले जाते. कमी होतो, नाहीसा होत नाही. जपान काही मागास देश नव्हता. टोकियोच्या निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये जो उच्चांक गाठला, तो ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. चौतीस वर्षे! ‘दीर्घ मुदत’ या दोन शब्दांत एका कामगाराचे सारे कामाचे आयुष्य मावते. ज्याच्यापाशी दुसरे उत्पन्न आहे तो चौतीस वर्षे वाट पाहील. ज्याला पुढच्या जूनमध्ये मुलीची फी भरायची आहे, त्याला नेमक्या पडत्या भावाला विकावे लागते. त्याचा आशावाद कमी पडला असे नव्हे. त्याची मुदत संपली.

आणि थांबण्याची ऐपत म्हणजे काय हे गिरणगावाहून अधिक कोणाला ठाऊक असावे? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. धैर्य त्यांच्यापाशी मालकांहून कमी नव्हते. कमी होते ते शिधा, भाडे आणि औषधाचे पैसे. मालक थांबू शकले. त्यांच्या जमिनीही थांबल्या. १९९१ आणि २००१ च्या विकास नियमांनी त्या जमिनींचे सोने झाले. एकाच काळाने एका वर्गाला श्रीमंत केले आणि दुसऱ्याला देशोधडीला लावले.

म्हणून समतोल व्यक्तीच्या मनात साधायचा नसतो. तो समाजाच्या व्यवस्थेत साधावा लागतो. याचे उदाहरण घरातच आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या जमेचा काही हिस्सा ऑगस्ट २०१५ पासून शेअरबाजारात जाऊ लागला. आधी ५ टक्के, २०१७ पासून १५ टक्के. पण सभासदाला मिळते ते विश्वस्त मंडळाने सुचवलेले आणि सरकारने मान्य केलेले व्याज. मंदीच्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची जमा रक्कम बाजाराबरोबर कोसळत नाही. जोखीम कोट्यवधी खांद्यांवर वाटली जाते, म्हणून ती सोसवते. नव्या निवृत्तियोजनेने नेमके उलटे केले. केंद्राने २००४ पासून आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन बाजाराच्या हवाली केले. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने पंचवीस वर्षे सेवा केलेल्यास मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन हमीने देणारी योजना जाहीर केली. बाजारावर एवढा विश्वास होता, तर हमी कशाला लागली?

हमी मिळाली ती संघटित नोकरदारांना. खाजगी कारखान्यातल्या कामगाराचे किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले. दहा वर्षांनीही तो आकडा हलला नव्हता. दुसरीकडे, दरसाल अडीच लाख डॉलर, म्हणजे दोन कोटींहून अधिक रुपये, परदेशी पाठवण्याची मुभा याच देशात आहे. ती लालबागच्या कोणत्या खोलीत वापरली जाणार?

कार्यकर्त्यांनी आता चाळींत जाऊन दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली: जो पैसा चार-पाच वर्षांत लागणार आहे तो कोणत्याही देशाच्या शेअरबाजारात घालू नये, आणि कर्ज काढून तर कधीच नाही. दुसरी: किमान निवृत्तिवेतन महागाईशी जोडले गेले पाहिजे, घरकामगार व माथाड्यापासून दुचाकीवरून डबे पोचवणाऱ्या पोरापर्यंत सर्वांना ते मिळाले पाहिजे, आणि निधीच्या विश्वस्त मंडळातील कामगार प्रतिनिधींनी बाजारातल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागितला पाहिजे. एवढे पदरात पडल्यावर उरलेल्या पैशातून एखाद्याने न्यूयॉर्कचे शेअर खुशाल घ्यावेत. पायाखाली जमीन असली की वर पाहायला हरकत नसते. आज मात्र गिरणगावची जमीन काढून घेणारेच गिरणगावच्या पोरांना आकाशाकडे बोट दाखवीत आहेत.