संशयिताच्या घरातली बाई

आमच्या रनाळ्यात खुनाची बातमी आली की ओट्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणाचा पोरगा?" आणि लगेच दुसरा, "त्याच्या मायनं काय शिकवलं?" मीही असं बोलले आहे, म्हणूनच हे लिहिते.

१९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर रनाळे आणि साक्री तालुक्यातलं राईनपाडा एकाच धुळे जिल्ह्यात होते. त्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला, रविवारच्या बाजारात, भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती, तेवढी पुरली. त्या पाच घरांचं नुकसान कशानंही भरून येणारं नाही. तपास कडकच हवा होता, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण अटकसत्र सुरू झालं आणि गाव रिकामं झालं. ऐन पावसाळ्यात, शेतीच्या दिवसांत घरांना कुलपं लागली. पुरुष पळाला किंवा आत गेला की मागचं सगळं कोण ओढतं? गुरं, पोरं, म्हातारी सासू, वकिलाची फी, कोर्टाच्या तारखा! शिवाय पोलीस तिलाच विचारणार, तो कुठे आहे? आणि सासरचे बजावणार, तो घरीच होता असं सांग. तिनं काय पाहिलं, तिला काय वाटतं, हे दोघांनाही नको असतं.

मैत्रिणींनो, साक्षीदार म्हणून चौकशी करायची तर बाईला तिच्या मर्जीविरुद्ध चौकीत बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० हेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ही. पण "चल, साहेबांनी बोलावलंय" म्हटल्यावर कलम सांगणारी किती जणी?

मयताच्या घरी आपण संघटना म्हणून जातो, जायलाच हवं. संशयिताच्या घरी मात्र कोणी जात नाही. मी हे बोलले तेव्हा एकीनं विचारलं, "खुन्याच्या घरचा चहा प्यायचा?" चहा नका पिऊ. पण बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा तो अर्ज तरी तिला भरून द्या, आणि चौकशीला पोलीस येतील तेव्हा तिच्या शेजारी बसा.