कुष्ठरोग संपलेला नाही, फक्त आकडा खाली आला आहे

"डॉक्टर, महारोग आता कुठे राहिलाय?" चट्टा दाखवायला आलेले पेशंट मला असे विचारतात. चूक त्यांची नाही. आपल्याला तसेच सांगितले गेले आहे.

डिसेंबर 2005 मध्ये भारताने कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' साध्य केले. याचा अर्थ रोग नाहीसा झाला, असा तुम्ही घेतला असेल. प्रत्यक्षात अर्थ एवढाच होता, की देशाच्या सरासरीत दर 10,000 लोकांमागे उपचार घेणारे रुग्ण एकापेक्षा कमी झाले.

'उपचार घेणारे' हे शब्द नीट वाचा. समजा, एका भागात दरवर्षी 100 नवे रुग्ण सापडतात. उपचार दोन वर्षांचा असेल तर यादीत कायम 200 नावे दिसतील. उपचार एक वर्षाचा केला की 100 उरतील. रोग तेवढाच, आकडा मात्र निम्मा! जंतू जास्त असलेल्या रुग्णांचा उपचार 24 महिन्यांवरून 12 महिन्यांवर आणला, तेव्हा हेच घडले. औषधे प्रभावी आहेत, त्यामुळे तो निर्णय योग्यच होता आणि रुग्णही खरोखर कमी झाले. पण आकड्यातली सगळी घट ही रोगाची घट नव्हे. आजही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतात सापडतात, वर्षाला सुमारे एक लाख. महाराष्ट्र त्यात मागे नाही.

मग काय मोजायला हवे? नवे रुग्ण, त्यांतली मुले, आणि निदान होईपर्यंत हातापायांना विकृती आलेले. मुलाला कुष्ठरोग झाला, याचा अर्थ जवळपास उपचाराविना राहिलेला मोठा माणूस आहे. विकृती दिसली, याचा अर्थ आम्ही डॉक्टर आणि यंत्रणा उशिरा पोहोचलो.

आता आपल्या भागाकडे या. खालापूर-कर्जतच्या वाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शोधमोहीम मधल्या महिन्यांत आली तर दाराला कुलूप. कागदावर मात्र 'सर्वेक्षण पूर्ण'. शिळफाट्याच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहणारे परप्रांतीय कामगार कोणाच्या यादीत असतात? शोधले नाही तर सापडणार नाही, आणि न सापडलेला रुग्ण आकड्यात येत नाही. हा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. एका वर्षाची मोहीम त्याला पुरणार नाही.

दोष आमच्याही पदरात आहे. बधिर चट्ट्याला गजकर्ण समजून महिनोन्‌महिने मलमे लिहून दिली जातात. कापसाचा बोळा फिरवून संवेदना तपासायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट तुम्ही डॉक्टरांकडे मागून घ्या.

तुम्ही काय पाहायचे?

- त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा. स्पर्श, गरम-थंड कमी कळणे. तो बहुधा खाजत नाही, दुखत नाही.
- कानाच्या पाळ्या जाड होणे, चेहरा तेलकट, सुजल्यासारखा दिसणे.
- हातापायांना मुंग्या, बधिरपणा. पायातून चप्पल निसटली तरी न कळणे.

प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. पण बधिर चट्टा तपासलाच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, सहा किंवा बारा महिने. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होणे थांबते. घरच्यांनाही तपासून प्रतिबंधक रिफाम्पिसिनचा एक डोस देता येतो. हात लावल्याने, शेजारी बसल्याने हा रोग होत नाही. बहुतेकांच्या शरीरात मुळातच प्रतिकारशक्ती असते.

तरी माणसे लपवतात. 2019 पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. कायदा बदलला, घरातली कुजबुज बदलली नाही. लपवलेला चट्टा नस कायमची निकामी करतो, आणि मेलेली नस कोणतेही औषध परत आणत नाही.

म्हणून 'रोग संपला' हे वाक्य मला धोकादायक वाटते. ते ऐकून पेशंट येत नाही आणि डॉक्टर तपासत नाही. आज आंघोळीनंतर घरातल्या सगळ्यांची पाठ एकदा उजेडात पाहा.