न खेळलेल्या खेळाचे परीक्षण

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी विषय सुचवला. टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांच्या पुस्तकांवर हौशी खेळाडूंनी लिहिलेली परीक्षणे, असा तो विषय होता आणि प्रस्तुत लेखक त्याचा मार्गदर्शक होता. विषयनिवडीच्या समितीने दहा मिनिटांत तो निकालात काढला. कारणे दोन देण्यात आली. हे ग्रंथ साहित्य नव्हेत, कारण ते वापरायचे असतात. आणि ही परीक्षणे म्हणजे समीक्षा नव्हे, कारण ती हौशी माणसांनी ग्राहकाला सल्ला देण्यासाठी लिहिलेली असतात. ही परीक्षणे बहुतांशी इंग्रजीत आहेत, मराठी विभागात त्यांचे काय काम, असे तिसरे कारण कोणी काढले असते तर ते निदान समजण्यासारखे होते. ते कोणी काढले नाही. विद्यार्थी पुढे ग्रामीण कादंबरीकडे वळला आणि त्याचे कामही चांगले चालले आहे, तेव्हा त्याचे फारसे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. ज्या दोन कारणांनी विषय नाकारला गेला ती मात्र आपल्या समीक्षाव्यवहारात इतकी खोलवर मुरलेली आहेत, की त्यांचा समाचार घेतल्यावाचून राहवत नाही.

पहिले कारण तर टिकणारेच नाही. वापरायची संहिता साहित्य नसेल तर जात्यावरची ओवी, आरती, कीर्तनाचे आख्यान आणि सगळी नाट्यवाङ्मयाची कपाटे आपल्याला रिकामी करावी लागतील. भरताच्या नाट्यशास्त्रात देवांनी ब्रह्मदेवाकडे मागितले ते ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळणेच. ज्या परंपरेचा आरंभ खेळण्याच्या मागणीने होतो, तिच्या वारसांनी खेळाच्या संहितेकडे पाहून नाक मुरडावे, हे विनोदी आहे.

या संहितांचे स्वरूप मात्र नीट समजून घेतले पाहिजे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातून तो 1974 मध्ये बाहेर पडला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. (पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ त्याच वर्षीची. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण तो नोंदवण्याचा मोह होतो.) या पुस्तिका वाचून खेळ समजत नसे. त्यांनी ‘चेनमेल’ हा आधीचा युद्धखेळ वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरले होते आणि रानावनातील प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या एका खेळाचा पट जवळ ठेवायला सांगितले होते. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, हा इझरचा सिद्धांत ‘वाचनक्रिया’ या ग्रंथात 1976 साली आला; त्याआधी दोन वर्षे ही जागा भरण्याची अडचण काही शेकडा पोरांना रोज रात्री टेबलावर प्रत्यक्ष येत होती. ती त्यांनी आपापल्या परीने सोडवली, आणि आपण कशी सोडवली हे ती एकमेकांना लिहून कळवू लागली. 1975 मध्ये ली गोल्ड यांनी सुरू केलेल्या ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ या हौशी नियतकालिकात प्रत्येक लेखक आपली पाने पाठवी, ती एकत्र बांधली जात आणि पुढल्या अंकात प्रत्येक जण इतरांच्या पानांवर अभिप्राय देई. या प्रकारातील परीक्षणाचा उगम असा संवादात आहे; ग्राहकाला सल्ला हा भाग मागाहून आला.

या परीक्षणांत एक संकेत हळूहळू रूढ झाला. प्रस्तुत लेखाचे सगळे बळ त्या संकेतावर आहे. परीक्षक आरंभीच सांगतो, की हे मी वाचून लिहीत आहे की खेळून. खेळून असेल तर किती जणांनी, किती बैठका खेळले, पुस्तकातले काय गाळले, हेही सांगतो. न सांगणाऱ्याला इतर वाचक विचारतात, आणि उत्तर न देणाऱ्याची पत जाते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांत नाटकावर लिहिणाऱ्या किती जणांनी आपण संहिता वाचून लिहीत आहोत, प्रयोग पाहून लिहीत आहोत, की प्रयोग वीस वर्षांपूर्वी पाहून संहिता आता चाळून लिहीत आहोत, हे पहिल्या परिच्छेदात नोंदवले आहे? संहिता हे स्वायत्त वाङ्मय की प्रयोगाचा आराखडा, या प्रश्नावर आपण चर्चासत्रे भरवली, परंतु स्वतःच्या लेखाच्या माथ्यावर एक प्रामाणिक ओळ लिहिण्याचे आपल्याला सुचले नाही. कादंबरीचे परीक्षण प्रस्तावना आणि मलपृष्ठ यांच्या आधारे सजवले जाते, हे तर उघड गुपित आहे. ज्यांना आपण हौशी म्हणून हिणवतो त्यांनी समीक्षेच्या ज्ञानशास्त्रातला पहिलाच प्रश्न, तुझ्या विधानाला आधार कशाचा, हा रोजच्या शिष्टाचाराचा भाग करून टाकला. आणि ‘हौशी’ हा शब्द तरी हिणवण्याचा केव्हापासून झाला? हौशी रंगभूमी वजा केल्यावर मराठी नाटकाचा इतिहास किती उरतो?

येथवर माझ्याशी सहमत होणारे वाचक पुढे कदाचित राहणार नाहीत, कारण हौशी मंडळींच्या एका लाडक्या मताशीही माझा वाद आहे. न खेळता लिहिलेले परीक्षण खोटे, असे त्यांच्यातील कडवे लोक मानतात. हे मत मला मान्य नाही.

एक तर व्यावहारिक बाजू. ‘कॉल ऑफ क्थुलू’ या सँडी पीटरसन यांच्या 1981 च्या खेळासाठी लॅरी डिटिलिओ आणि लिन विलिस यांनी रचलेली ‘मास्क्स ऑफ न्यारलाथोटेप’ ही मोहीम 1984 मध्ये निघाली. न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय असा तिचा 1925 सालातला पसारा आहे. आठवड्याला एक बैठक धरली तरी ती संपायला वर्ष लागू शकते, आणि अर्ध्यावर मोडणाऱ्या टेबलांना गणती नाही. ती पूर्ण खेळलेल्यानेच लिहावे असे म्हटले तर लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तेही तिच्या प्रेमात आंधळे झालेले असतील.

याहून गंभीर आक्षेप तात्त्विक आहे. खेळून लिहिणारा नेमके कशाचे परीक्षण करतो? त्या पाच जणांचे, त्या संध्याकाळचे, खेळ चालवणाऱ्याच्या हजरजबाबीपणाचे, की पुस्तकाचे? विम्झॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी परिणामाचा आणि कृतीचा घोटाळा करू नका असे बजावले होते. हौशी परीक्षणांत तो घोटाळा पावलोपावली होतो. कुशल चालक सुमार पुस्तकावरही रंगतदार रात्र उभी करतो आणि श्रेय पुस्तकाला मिळते. उलट, पुष्कळ पुस्तके घेतली जातात ती वाचण्यासाठीच. ‘व्हँपायर: द मास्करेड’ (1991) या खेळाच्या पुरवण्यांमधून एक कथानक वर्षानुवर्षे पुढे सरकत राहिले आणि एकही फासा न टाकता ते वाचणारे वाचक त्याला लाभले. त्या वाचकाला ‘तू खेळला नाहीस, गप्प बस’ म्हणणे म्हणजे नाट्यगृहापासून दूर राहणाऱ्या वाचकाच्या हातातून नाटकाचे पुस्तक काढून घेणे होय.

असे म्हणताना वाचनाने केलेली माझी स्वतःची फसगतही सांगितली पाहिजे. ‘मास्क्स’ प्रथम वाचली तेव्हा तिच्यातील पत्रे, वृत्तपत्रांची कात्रणे असे खेळाडूंच्या हाती द्यायचे कागद मला कच्च्या लेखनाचा नमुना वाटले. आपल्या टिपणवहीत मी ‘माहितीचे ओझे, शैलीहीन’ असा शेरा मारला. (ज्यांना ही मोहीम पुढे खेळायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) पुढे पाच मित्रांसाठी मी तिचा न्यूयॉर्कचा भाग चालवला. जॅक्सन इलायस हा लेखक मारला जातो आणि त्याच्या खोलीत शांघायमधल्या एका बारची काडेपेटी सापडते. त्याच कागदांपैकी एक टेबलावर ठेवल्याबरोबर पाचही माणसे त्यावर वाकली. एकाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, दुसऱ्याने त्याला थांबवून आधीचे पत्र काढले, तारखा जुळवल्या आणि पाऊण तास मला एक शब्द बोलावा लागला नाही. ज्या सपाटपणाला मी शैलीहीनता म्हटले होते तो पाच जणांना एकाच वेळी धरायला पुरेल असा दांडा होता. नक्षीदार मूठ एकाच हातात बसते.

म्हणून वाचून केलेले परीक्षण आणि खेळून केलेले परीक्षण या एकाच गोष्टीच्या उणी-अधिक प्रती नाहीत. त्यांचे विषयच भिन्न आहेत. गोंधळ होतो तो एकाच्या निकषांनी दुसऱ्याचा निवाडा केल्यामुळे. खेळाडूंना मोठ्याने वाचून दाखवायचे चौकटीतले वर्णन घ्या. पानावर ते वाचकाला मोहवते, विशेषणांची रास त्याला सुखावते. टेबलावर तिसऱ्या वाक्यानंतर कोणी ऐकत नाही. उलट ‘टूम ऑफ हॉरर्स’ (1978) पहा. 1975 च्या स्पर्धेसाठी गायगॅक्स यांनी रचलेल्या या थडग्यात आरंभीच्या बोळाच्या टोकाला हिरव्या सैतानाचा आ वासलेला चेहरा आहे, आणि त्या काळोख्या तोंडात जो शिरतो तो नष्ट होतो. संपले. वाचताना हे निर्दय, जवळजवळ मूर्खपणाचे वाटते. टेबलावर मात्र त्या तोंडासमोर पाच शहाणी माणसे अर्धा तास उभी राहतात, काठी घालून पाहतात, आणि भीती म्हणजे काय ते त्यांना कळते. अशा पुस्तकाला वाचक-परीक्षक न्याय देऊ शकेल काय? देईल, पण आपण रिकाम्या जागेकडे पाहत आहोत याचे भान त्याला असेल तर.

या परीक्षणांना आणखी एक विलक्षण पेच सोडवावा लागतो. त्यांचा वाचक दुभंगलेला असतो: जो खेळ चालवणार त्याला सगळे सांगायचे, आणि जो खेळणार त्याला काहीच सांगायचे नाही, दोघे मात्र तेच पान वाचणार. गुणवान हौशी परीक्षक आशय न उघडता रचनेविषयी बोलायला शिकले ते या सक्तीपोटी. रहस्यकथेचे परीक्षण करताना खुन्याचे नाव सांगून मोकळे होणाऱ्या आपल्या प्राध्यापकांनी ही कला अभ्यासायला हरकत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. तारे आणि गुण देण्याची सवय लज्जास्पद आहे. 1977 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइट ड्वार्फ’च्या परीक्षण-सदरातही दहापैकी गुण असत. त्या नियतकालिकाचे पुढे काय झाले तेही बोलके आहे. सर्व कंपन्यांच्या खेळांची दखल घेणारे हे पत्र 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या मालकाच्याच मालाची जाहिरात करू लागले. आजही प्रकाशकाने फुकट पाठवलेल्या प्रतीवर लिहिलेले मऊ परीक्षण ओळखायला वेळ लागत नाही. कागद, चित्रे, बांधणी यांचीच स्तुती त्यात आधी येते. परंतु फुकट आलेल्या प्रतींचा विषय आपण काढावा, असे आपले तरी वर्तन आहे काय?

टिम हचिंग्स यांचा ‘थाउजंड यिअर ओल्ड व्हँपायर’ हा एकट्याने खेळायचा खेळ या सगळ्या वादाला वेगळीच कलाटणी देतो. फाशांप्रमाणे येणाऱ्या सूचना वाचायच्या आणि त्यांना उत्तर म्हणून पिशाच्चाचे आत्मवृत्त लिहायचे. पाचच स्मृती बाळगता येतात. नवी आली की एखादी जुनी खोडावी लागते. खेळणारा अखेरीस स्वतःच्याच हाताने खोडलेल्या मजकुराच्या वहीसमोर बसलेला असतो. त्याने पुस्तक वाचले, खेळले की लिहिले? त्याचे परीक्षण लिहिणारे परीक्षक आपल्या वहीतली पाने पुरावा म्हणून पुढे ठेवतात. वाचकनिष्ठ समीक्षेला याहून नेमके प्रयोगक्षेत्र कोठे मिळणार आहे ते मला ठाऊक नाही.

विषय मी पुन्हा पाठवला आहे, या वेळी दुसऱ्या विद्यार्थिनीच्या नावे. शीर्षकात फरक केलेला नाही, ‘हौशी’ हा शब्दही काढलेला नाही. समितीतील सन्माननीय सदस्यांना विनंती एवढीच, की नकार द्यायचा असल्यास जोडलेली बारा परीक्षणे वाचून नकार दिला की न वाचता, हे शेऱ्याच्या आरंभी नोंदवावे.