पर्दा कागदांचाही असतो

पर्द्यावर आमच्याकडे जेवढी बयानं होतात, त्यातलं एकही मी नेटकॅफेच्या काँप्युटरबद्दल ऐकलेलं नाही. मुलीचा डीपी, शादीतले फोटो, बुरख्याची फॅशन, सगळ्यावर मोहल्ल्याला मत असतं. त्याच मोहल्ल्यातली बाई आपला फोटो, आधार, पासबुक आणि रेशन कार्ड एका अनोळखी पोराच्या व्हॉट्सॲपवर पाठवते, कारण दोन पानांची प्रिंट हवी असते. त्याला बेपर्दगी म्हणायचं कुणाला सुचत नाही.

२०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा सोलापुरात दुकानांपुढे रांगा होत्या. ते कागद गेले कुठे? एका दुकानात मी स्वतः पाहिलं, डेस्कटॉपवर बायकांच्या आधारच्या फाइली नावानिशी पसरलेल्या होत्या आणि माझ्या मागे उभा असलेला माणूसही त्या वाचू शकत होता. दुकानदाराची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. पुसायला त्याला वेळ नाही, एवढंच. पण उद्या त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल, त्याच्या नियतीचं काय? मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं की नेटकॅफेच्या काँप्युटरवर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती पुसा. चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. सल्ला मात्र रास्त होता.

म्हणून माझं म्हणणं असं की वाय-फाय आणि प्रिंटर ही चैन नाही. ही घराच्या चार भिंतींत राहण्याची गोष्ट आहे, आणि तिची किल्ली घरातल्या प्रत्येकाकडे असली पाहिजे. मुलीकडेसुद्धा.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘मोबाईलला नेट है ना, और क्या होना?’ आहे. पण ते कुणाचं आहे? घरातलं इंटरनेट रोज सकाळी अब्बांच्या खिशात बसून कारखान्यात जातं आणि रात्री नऊला परत येतं. दहावीतली मुलगी तोपर्यंत वाट बघते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा वर्गातल्या कुठल्या मुली आधी दिसेनाशा झाल्या हे कुठल्याही उर्दू शाळेतल्या शिक्षिकेला विचारा. ज्या घरात एकच फोन होता आणि भाऊ होता, त्या घरातल्या. मोबाईलचा डेटा एका माणसाचा असतो, वाय-फाय घराचं असतं. फरक इतका साधा आहे.

दुसरं उत्तर जास्त आवाजात येतं. नेटने मुली बिघडतात. बरं, मुलगे कशाने सुधारतात? रोजचा दीड-दोन जीबी डेटा खिशात घालून पोरगा चौकात बसतो, तिथे कोण बघतं? देखरेखच करायची तर खिशातल्या नेटपेक्षा हॉलमधल्या राऊटरवर ती सोपी आहे. बऱ्याच राऊटरमध्ये वेळ ठरवता येते. रात्री अकराला बंद करायचं तर जरूर करा. फक्त ते अब्बांनाही बंद झालं पाहिजे. मुलीला पासवर्ड न देता भावाला देणं याला मी देखरेख मानत नाही.

याच्या उलट, वाय-फाय घेऊन ते सताड उघडं ठेवणारेही आहेत. मोठ्या दिलाने गल्लीभर पासवर्ड वाटतात. त्यांना नवी मुंबईची गोष्ट सांगायला हवी. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं जो ई-मेल गेला, तो सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या कनेक्शनवरून गेला होता. त्याचं वाय-फाय बिनकुलुपाचं होतं आणि ते दुसऱ्यानेच वापरलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या दारात आला. २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या. त्या दारावर आपल्यापैकी कुणाच्या नावाची पाटी असती तर काय झालं असतं, हे मी लिहीत बसत नाही. वाचणाऱ्याला कळतं.

म्हणून कंपनीचा माणूस राऊटर लावून जाताना जो पासवर्ड ठेवतो, तो त्याच दिवशी बदला. मोबाईल नंबर किंवा मुलाचं नाव ठेवू नका. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. राऊटर उघडायचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला, बरेच लोक तो विसरतात. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क असतं, खाला-फुफी आल्या की ते द्या. गेस्टवरून बहुधा घरचा प्रिंटर दिसत नाही, आणि ते बरंच आहे.

आता प्रिंटर. वायरने एकाच काँप्युटरला जोडलेला प्रिंटर वाटून वापरायचा तर तो काँप्युटर सतत चालू लागतो. ज्या घरात काँप्युटरच नाही तिथे त्याचा उपयोग काय? वाय-फाय असलेला प्रिंटर घ्या, अँड्रॉइड फोनवरून थेट छापतो. जोडताना नेमकी एक अडचण येते आणि लोक मशीन परत करायला निघतात. साधे प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचीच लहर ओळखतात आणि फोन ५ वर असतो. फोन २.४ वर आणा, जमतं. आमच्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ ची लहर तशीही नीट जात नाही, तेव्हा राऊटर घराच्या मध्यावर, उंच ठेवा. फ्रिजमागे नको. राऊटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की लाइट जाऊन आल्यावर तो ‘हरवत’ नाही. शाईचा असेल तर आठवड्याला एक रंगीत पान काढा, नाहीतर शाई वाळून बसते.

इंक टँकवाला प्रिंटर दहा हजारांच्या पुढे जातो, हे खरं आहे. पण चार जावा एका वाड्यात राहतात, भिशी चालवतात, भिशीतून मिक्सर येतो, कपाट येतं. एकदा प्रिंटर आणा. दुकानात पानाला पाच-दहा रुपये जातात, रिक्षा वेगळी, आणि मुलीला एकटीला पाठवायचं नाही म्हणून कुणाचा तरी अर्धा दिवस वेगळा.

उर्दूवाल्यांना तर याची गरज दुप्पट आहे. नस्तालीक अक्षरं उतरत, एकमेकांवर बसत जातात, त्यांना स्वतःचा फाँट लागतो. माझी प्रश्नपत्रिका दुकानातल्या काँप्युटरवर उघडली की फाँट नसल्यामुळे ती नस्खमध्ये उघडते, ओळी सरकतात, दोन पानांचा पेपर तिसऱ्या पानावर जातो. घरूनच पीडीएफ करून घरीच छापला तर एक नुक्ताही हलत नाही. शाळेतून मिळालेली मुलांची यादी अशीच दुकानाच्या पेन ड्राइव्हवर फिरवणं मला तर अमानतीत खयानत वाटते.

दुकानांचं पोट मारा असं मी म्हणत नाही. बोटांचे ठसे लागणारी कामं सेवा केंद्रातच होतात, तिथे जावंच लागेल. तिथे गेलात तर आधार क्रमांक पूर्ण लागतो का ते आधी विचारा. नसेल लागत तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. काम झाल्यावर उभं राहून फाइल पुसायला लावा, रिसायकल बिनमधूनही. तुमचं व्हॉट्सॲप त्या काँप्युटरवर उघडलं असेल तर आपल्या फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये ते अजून चालू आहे का, आजच बघा.